दीड मीटरची सही

ताई,

मंडळाच्या अंकासाठी मी तुझ्यावर ‘दोन हृद्य शब्द’ लिहावेत, असा निरोप आला. तुझ्यासाठी माझ्याकडे दोन शब्द आहेत, पण ते हृद्य नाहीत आणि अंक मुलांच्याही हाती पडतो. म्हणून जरा जास्त लिहिते.

तुला जाऊन सव्वीस दिवस झाले आणि माझा राग अजून उतरलेला नाही. लोकांना ते दुःख वाटतं. भेटायला येणारी बाई दारातच मान कलती करते, हात धरावा की धरू नये याचा अंदाज घेते (नियम दर पंधरवड्याला बदलतात) आणि म्हणते, “धाकटीला जास्त लागतं गं.” मी मान डोलावते. मला लागलेलं नाही, मी चिडलेय, हे चहा पुढे करता करता सांगता येत नाही.

मुद्दा आधीच सांगून टाकते. तुझ्या ऑनलाइन शोकसभेत वक्ते मुद्द्यावर येईपर्यंत निम्मे चौकोन काळे झाले होते, तसं इथे नको. गेलं वर्षभर मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत होते, की तू हौसेनं आणलेलं मांजर सहा महिन्यांत कंटाळून आसीलमध्ये परत नेऊन टाकलंस. आसील म्हणजे बेघर जनावरांचा आश्रम. आश्रय मागत आलेल्या माणसांसाठीही इथे तोच शब्द आहे. डच माणूस शब्दसुद्धा काटकसरीनं वापरतो. तर मी सांगत होते ते खोटं होतं. आणि खरं काय ते सांगितलं, तर जी अब्रू तू शेवटपर्यंत जपलीस ती जाते. मायेची अब्रू आणि ही अब्रू, दोन्ही वाचवता येत नाहीत. कुठली जाऊ द्यायची हे तू परस्पर ठरवलंस आणि मला तुझ्या खोटेपणात भागीदार करून निघून गेलीस. मला विचारलं नाहीस. विचारण्याची तुझी पद्धतच नव्हती.

मांजर तू आणलंस २०२०च्या उन्हाळ्यात. तेव्हा सगळेच काही ना काही आणत होते. आमच्या फेल्डहोवनमध्ये इंजिनियर मंडळी घरी पाव भाजून त्यांचे आडवे छेद एकमेकांना पाठवत होती. तू व्हिडिओ कॉल केलास, कडक इस्त्रीची साडी नेसून, टाळेबंदीत, स्वतःच्या घरात.

“शमे, आमच्याकडे एक नवीन सदस्य आलाय. ही मृणालिनी.”

मागून भावजी पुटपुटले, “ट्रूस.”

“ते आसीलवाल्यांनी ठेवलेलं नाव. ट्रूस म्हणजे आपल्याकडची ठमाबाई. मी बदललं.”

आठ वर्षांची करडी मांजरी, डावा कान टोकाला फाटलेला, पोट लोंबणारं. तिनं कॅमेऱ्यात बघून जांभई दिली. ठमाबाईच होती ती.

“हिच्याशी आम्ही मराठीतच बोलतो. शुद्ध. फार तर डच. इंग्रजी मिसळायचं नाही. भाषा मिसळल्या की त्यांचा गोंधळ होतो.”

त्या वेळी माझ्या शेजारी बसून इरा माझ्या प्रत्येक मराठी वाक्याला इंग्रजीत उत्तर देत होती, हे तुला पडद्यावर दिसत होतं. द हेगहून निघालेला टोमणा फेल्डहोवनला पोचायला गाडी बदलावी लागत नाही.

आणि तुझं डच. त्याबद्दल शोकसभेत इतकं बोललं गेलं, की तू भाषा सोडून दुसरं काही केलंच नाहीस असं वाटावं. एकजण म्हणाली, मेधाताईंचा ‘ख’ ऐकून डच माणूस वळून बघायचा. खरं आहे. मीही वळून बघायचे, घशात काही अडकलं की काय म्हणून. नव्यानं आलेल्या बायकांना तू दर शनिवारी फुकट शिकवायचीस, त्याबद्दल तुला वाकून नमस्कार. पण चुकलेल्या बाईचं वाक्य तू तिच्याच आवाजात पुन्हा म्हणून दाखवायचीस, हे कुणी सांगितलं नाही. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर, मागे आठ माणसं उभी असताना, तू मला ‘पिशवी नको’ हे वाक्य तीनदा म्हणायला लावलं होतंस. चौथ्या वेळी मी पिशवी घेतली.

हेही लिहिते, नाहीतर तू म्हणशील एकतर्फी आहे. मी आले तेव्हा माझ्या परवान्यावर मी कुणाची तरी बायको एवढीच होते. मला सायकलवर तू बसवलंस, चाळिशीकडे झुकलेल्या बाईच्या मागे कॅरियर धरून धावलीस. इरा लहानपणी तापानं फणफणली आणि हाउसआर्ट्स, म्हणजे आमच्या वाट्याचा डॉक्टर, फोनवर पॅरासिटामॉलपुढे जाईना, तेव्हा तू द हेगहून फोन करून त्याला असं काही ऐकवलंस, की अर्ध्या तासात त्यानं स्वतःहून बोलावलं. काय बोललीस हे मला आजही माहीत नाही. विचारलं तर म्हणालीस, “व्याकरण.”

मग डिसेंबर आला. भावजींच्या आई सांगलीत घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. तुम्ही दोघं मिळेल त्या विमानानं तीन आठवड्यांसाठी गेलात. मांजराचं काय केलंस, हे मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस. तुझ्या घरचं सगळं नेहमी आखलेलं असायचं.

इकडे इरा एक मांजर मागत होती. शाळा पुन्हा बंद, मैत्रिणी बंद. एका दुपारी आम्ही दोघी निरनिराळ्या आसीलांच्या वेबसाइट बघत बसलो होतो आणि इरानं बोट ठेवलं.

“आई, that’s Mrunal.”

डावा कान. तीच जांभई. खाली लिहिलं होतं: ट्रूस, आठ वर्षांची, काही कारणानं आमच्याकडे परत आली आहे, शांत घर हवं आहे.

मी तुला तिथल्या तिथे सांगलीला फोन लावला. ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे, कारण नंतर मी ते अनेकांना करून दाखवलं. तुझ्याच आवाजात. तुझ्याकडूनच शिकले.

“तू मृणालिनीला परत दिलंस?”

“काय?”

“आसीलच्या साइटवर आहे ती. फोटोसकट. परत आली म्हणून.”

तिकडे कुकरची एक शिट्टी झाली. दुसरी झाली. मी दोनदा ‘हॅलो’ म्हटलं.

“हो,” तू म्हणालीस. “दिली. नाही जमलं.”

“नाही जमलं म्हणजे? साडी आहे ती, रंग आवडला नाही म्हणून बदलून आणायला? तुला मिरवायला जीव हवा असतो ताई, सांभाळायला नाही.”

“शमे, ओरडू नकोस. तुला एवढा पुळका आहे तर तू आण ना. आण. आजच्या आज फोन कर त्यांना.”

मी फोन आपटला. म्हणजे हल्ली आपटता येत नाही, त्या लाल गोलावर बोट जोरात दाबलं. आणि तुला दाखवून द्यायचं म्हणून खरोखर आजच्या आज फोन केला.

त्या दिवसांत मांजरांना रांगा लागल्या होत्या. आमच्यामागे तीन कुटुंबं होती. आसीलवालीनं व्हिडिओवर आमचं घर खोलीखोलीनं पाहिलं. मुलीचं स्थळ बघायला आल्यासारखी ती कपाटांमागेही डोकावली. चौथ्या दिवशी आम्ही जाऊन ट्रूसला घेऊन आलो. काचेपलीकडून त्या बाईनं पेटीबरोबर एक कापडी पिशवी सरकवली. “हे तिच्यासोबत आलं होतं.”

पिशवीत तुझ्या जुन्या साड्यांची लहानशी गोधडी होती. तुझ्या अक्षरातला कागद होता, दोन्ही बाजूंनी भरलेला, डचमध्ये: व्हॅक्यूम क्लीनरला घाबरते, उकडलेलं चिकन बिनमिठाचं, संध्याकाळी कुणीतरी थोडा वेळ बोलावं. आणि खाण्याच्या कागदी पुड्या. प्रत्येकीवर एकेक तारीख. आधीच्या संपल्या होत्या, पाच उरल्या होत्या.

मी, जिला लोक चार पुस्तकं वाचलेली बाई म्हणतात, तिनं गाडीत बसून तो कागद मोठ्यानं वाचला आणि म्हटलं, “बघा, टाकून देतानासुद्धा सूचनापत्रक.” कायमचं सोडलेल्या जनावराबरोबर कुणी मोजून एकवीस दिवसांच्या पुड्या देत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. शेवटची तारीख तुम्ही परत यायच्या दिवसाची होती. ती मी पाहिली. पाहणं आणि वाचणं यात फरक आहे, हे मी इतरांना नेहमी सांगते.

ट्रूस आमच्याकडे आली आणि थेट वॉशिंग मशीनच्या मागे गेली. आसीलवालीनं बजावलं होतं: एकच खोली द्या, ओढू नका, टक लावून बघू नका, ती आपणहून येईल. नऊ दिवस ती आली नाही. नऊ दिवस आम्ही मशीन लावलं नाही. रात्री येऊन खायची, वाळूच्या ट्रेमध्ये उद्योग उरकायची आणि पुन्हा अंधारात दोन दिवे. मी तिच्यापाशी तुझ्या नावानं बोटं मोडत होते. “बघ, कुणी आणलं होतं तुला आणि कुणाच्या गळ्यात पडलीस.” इरा न्हाणीघरात उशी टाकून तिथूनच शाळेला हजर राहायची. ती इंग्रजीत बोलून थकली. डचमध्ये तिनं एक अख्खं गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवलं. मशीनमागून हूं नाही की चूं नाही.

दहाव्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते आणि मला आमच्या घरात कधी न ऐकलेला आवाज आला.

“ये ना गं. ये. बस इथे. घाबरू नको, मी आहे ना.”

माझी मुलगी मराठी बोलत होती. उच्चार जरा परदेशी, पण वाक्य पूर्ण, क्रियापदासकट. मी दाराशी जाऊन उभी राहिले. धुळीनं माखलेली ट्रूस मशीनमागून निघाली आणि इराच्या पोटावर जाऊन बसली.

“She only gets Marathi,” इरा मला म्हणाली. मला इंग्रजीतच.

तेव्हापासून आमच्या घरात रोज मराठी बोललं जातं. माझ्याशी नाही, मांजराशी. मंडळाच्या बालवर्गाला सहा वर्षांत जमलं नाही ते तुझ्या त्या ‘शुद्ध’नं केलं. मी ते तुला कळवलं नाही. ‘मृणालिनी’ म्हटलं की ती डोकं वळवते, हेही कळवलं नाही. मी तिला हट्टानं ट्रूसच म्हणत राहिले.

तू परत आलीस. मांजर बघायला आली नाहीस. भावजींचा मात्र दर रविवारी फोन यायचा. खाते का, कपाटावर चढते का, केस किती गळतात. ज्या माणसाला मांजराच्या केसांनी शिंका यायच्या, त्याला एकाएकी हा जिव्हाळा कुठून आला असेल, याचा विचार मी केला नाही. फोन स्पीकरवर असायचा, एवढं कळायचं, कारण मागे कुणीतरी कप फार हळू खाली ठेवायचं.

संक्रांतीनंतर मंडळाचं हळदीकुंकू झूमवर झालं. कुणीतरी तुला विचारलं, “मेधाताई, तुमची मनीमाऊ कुठेय?” तू काही बोलायच्या आत मी म्हटलं, “ताईकडे मांजर सहा महिन्यांच्या करारावर असतं.” चाळीस बायका हसल्या. तू हसलीस. मग तुझा चौकोन काळा झाला. मी विनोदावर खूश होते. चांगला होता, अजूनही वाटतं. तेच वाईट आहे.

समोरासमोर आपण त्यानंतर एकदाच भेटलो, गणपतीत, मंडळ भाड्यानं घेतं त्या शाळेच्या हॉलमध्ये. खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. आरती झाल्यावर तू तुझ्या खुर्चीवरून वाकून विचारलंस, “अजून पडद्याला लोंबकळते का गं?”

मी म्हटलं, “तुला काय करायचंय?”

तू सरळ बसलीस. पदर नीट केलास. हे आपलं शेवटचं बोलणं. मोठ्या माणसांची शेवटची वाक्यं भारदस्त असतात म्हणे.

तेराव्या दिवशी मी तुझं कपाट आवरायला गेले. भावजींनी चहा केला, बिनसाखरेचा, तुझ्या धाकातला. माझ्याकडे न बघता म्हणाले, “शमा, एक सांगू? तिनं शपथ घातली होती. पण आता शपथ मोडली तर कोण मरणार?”

“सांगा.”

“तिनं परत दिलंच नव्हतं गं ते मांजर. तीन आठवडे ठेवायला नेलं होतं. त्यांच्याकडे ठेवायचीही सोय असते. मी बाहेर गाडीत होतो, आत एकालाच सोडायचे. काच, मास्क, चष्म्यावर वाफ. त्या मुलीनं काय विचारलं, हिनं काय ऐकलं, देव जाणे. एक फॉर्म दिला, हिनं सही केली.”

“वाचला नाही?”

“वाचला ना! मला येऊन सांगितलं, ‘अंतर पाळण्याचं हमीपत्र होतं, दीड मीटरचं. इथेही आलंच ते.’ तेव्हा कुठेही गेलं की एक कागद असायचाच.”

मला ते कळायला थोडा वेळ लागला. मग चहा खाली ठेवावा लागला.

अफस्टांड. त्या दोन वर्षांत या देशाच्या प्रत्येक भिंतीवर, फुटपाथवर, लिफ्टवर लिहिलेला शब्द. अंतर ठेवा. पण कागदावरच्या त्याच शब्दाचा दुसरा अर्थ हक्क सोडणं. तुळशीपत्र ठेवणं. तू गंभीर चेहऱ्यानं, तुझ्या त्या वळणदार सहीनं, मांजरापासून दीड मीटर लांब राहायचं वचन दिलंस आणि तिकडे मांजरावर पाणी सोडलं गेलं. शनिवारच्या वर्गातली कालपरवा आलेली मुलगी थांबली असती, शब्दकोश उघडला असता. तुला विचारायची गरज नव्हती. तुला येत होतं.

“मग त्या दिवशी फोनवर का नाही सांगितलं?” मी भावजींवरच ओरडले. “मी विचारलं तेव्हा!”

“तुझ्या फोनवरच तर तिला कळलं. बाजूलाच होतो मी. पांढरी पडली. तुझा फोन ठेवल्यावर म्हणाली, ‘शमी आणेल. चिडली की ती काम करते.’”

“आणि परत आल्यावर?”

“मी म्हटलं, सांग. म्हणाली, ‘नको. शनिवारी कुठल्या तोंडानं शिकवू?’” भावजींनी कपाची कड पुसली. “दुष्ट म्हणतात तर म्हणू देत म्हणाली. दुष्ट माणसाचा वर्ग बंद पडत नाही.”

घरी येताना गाडीत मी तुला जेवढं बोलले, तेवढं उभ्या जन्मात बोलले नव्हते. मूर्ख, आढ्यतेखोर बाई. एका शब्दासाठी! आणि तो शब्द तरी परका होता का? आपल्या मराठीतही तोच घोळ आहे की. अंतर ठेवणं वेगळं आणि अंतर देणं वेगळं. आई देवापुढे रोज म्हणायची, अंतर देऊ नको. म्हणजे काय, हे आपण दोघींनी तिलाच विचारलं होतं. तू माहेरच्या घरात पाटावर बसून मला समजावलंही होतंस, तेव्हाही मास्तरीणच. पहिली भाषा नीट आठवली असती तर चौथीत घसरली नसतीस.

मला तुझी माफी मागायची नाही. मागण्याची सोय तूच ठेवली नाहीस. वर्षभर दर रविवारी स्पीकरला कान लावून बसलीस, पण एक वाक्य बोलली नाहीस. मी हसले असते, हे खरं. फार हसले असते. महिनाभर. मग मांजर पेटीत घालून तुझ्या दारात आणून सोडलं असतं आणि तू ‘एवढा उशीर?’ म्हणाली असतीस. एवढंच झालं असतं ताई. त्याला घाबरलीस.

आणि माझं काय? मला ते खोटं इतकं आवडलं, की मी ते कधी उलटून बघितलं नाही. तुझा तोरा मला लहानपणापासून सलत होता. तुझ्या विरुद्ध पुरावा मिळाला, तो मी छातीशी धरला. मांजराला तू अंतर दिलं नव्हतंस. तुला मी दिलं. ते मी कुठल्याही कागदावर सही न करता दिलं आणि अर्थ मला पूर्ण माहीत होता.

शोकसभेत माझं नाव पुकारलं तेव्हा मी बोलले नाही. निवेदिका म्हणाली, “शमाताई भावुक झाल्यात.” झाले नव्हते. तुझ्या तेवीस विद्यार्थिनी पडद्यावर होत्या, एक तर डचमध्ये लिहून आणलेलं वाचत होती, तुझ्या ‘ख’सकट. त्यांच्यासमोर माझ्यानं होईना. तुझ्या डचची अब्रू त्या दिवशी मी राखली. तेवढं तुझ्या मनासारखं झालं.

पण त्याच सभेत एक बाई दुसरीला म्हणत होती आणि तिचा माइक चालू राहिला होता: “शिकवायची छान, पण माया नव्हती हो. मांजरसुद्धा परत दिलं होतं.” ते वाक्य माझं होतं. ते आता तिच्या तोंडी आहे, तिथून आणखी कुणाच्या जाईल, आणि तुला ते चालणार होतं. मला चालत नाही.

तेव्हा हा अंक वाचणाऱ्या सर्वांसाठी: माझी बहीण मेधा हिनं तिचं मांजर परत दिलं नाही. तिला त्या कागदावरचं डच कळलं नाही. ती एकवीस पुड्या बांधून, तारखा घालून, त्याला तीन आठवड्यांसाठी ठेवून गेली होती आणि त्याला न्यायला परत येणार होती. शनिवारच्या वर्गातल्या मुलींनी काय समजायचं ते समजावं.

तुला हे अजिबात आवडणार नाही. भांडायला येता येत नसेल, तर त्याला माझा इलाज नाही.